घंटागाडीचा मार्ग: आधी प्रश्न ओळखा, मग पद्धत निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कचरागाड्या, शाळेच्या बस, दूध संकलनाचे टँकर यांचे मार्ग 'एआय'च्या मदतीने आखून देण्याचे प्रस्ताव हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. अशा प्रस्तावात पद्धतीचे नाव बहुधा पहिल्याच पानावर असते: जेनेटिक अल्गोरिदम, अँट कॉलनी, पार्टिकल स्वार्म. गाड्या किती, एका गाडीत कचरा किती मावतो, एकेरी रस्ते कोणते, गाडी रिकामी करायला किती वेळा जावे लागते, हे शेवटी कुठेतरी येते किंवा येतच नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांतही हाच क्रम दिसतो. आम्ही हा विषय शिकवतो आणि मार्ग आखण्याचे कामही करतो. हा क्रम उलटा आहे आणि त्याची किंमत डिझेलमध्ये, चालकांच्या वेळेत आणि सार्वजनिक पैशात मोजावी लागते, म्हणून हे पत्र. घंटागाडीचे उदाहरण घेतो, कारण ती सगळ्यांच्या दारात येते.

ह्युरिस्टिक या शब्दाला आपल्याकडे चांगला शब्द आहे: ठोकताळा. सर्वोत्तम उत्तराची हमी न देता, हातात असलेल्या वेळेत चांगले उत्तर काढून देणारी रीत. ठोकताळा वापरण्यात काहीच कमीपणा नाही. पण जिथे नेमके उत्तर काढता येते तिथे ठोकताळा वापरणे ही चूक, आणि एका प्रश्नाचा ठोकताळा दुसऱ्या प्रश्नाला लावणे ही त्याहून मोठी चूक.

दारोदार फिरणाऱ्या घंटागाडीचेच पाहा. तिला प्रत्येक गल्लीतून जायचे असते. म्हणजे प्रश्न रस्त्यांचा आहे, ठिकाणांचा नाही. तरीही अनेकदा प्रत्येक घराचा जीपीएस बिंदू घेतला जातो आणि 'फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न' (सगळी ठिकाणे एकेकदा गाठून कमीत कमी अंतरात परत येण्याचा) म्हणून तो संगणकाला दिला जातो. एका गल्लीतली चाळीस घरे म्हणजे चाळीस बिंदू. मग उत्तरात गाडी अर्ध्या गल्लीत शिरते, मागे फिरते, शेजारच्या गल्लीत जाते आणि उरलेल्या घरांसाठी परत येते. नकाशावर रेघ सुबक दिसते. चालक तो कागद पहिल्याच दिवशी बाजूला ठेवतो, आणि त्याचे बरोबर असते.

रस्त्यांचा प्रश्न फार जुना आहे. ऑयलरने १७३६ मध्ये कोनिग्जबर्गच्या सात पुलांवरून त्याचे मूळ दाखवले: ज्या चौकात विषम संख्येने रस्ते मिळतात, तिथेच अडचण येते. प्रत्येक रस्त्यावरून एकदा तरी जाऊन सर्वांत कमी अंतरात परत कसे यावे, हा प्रश्न १९६० च्या सुमारास चिनी गणिती ग्वान मेइगू यांनी मांडला. म्हणून त्याला 'चिनी पोस्टमनचा प्रश्न' म्हणतात. रस्ते दुहेरी वाहतुकीचे असतील आणि गाडी एकच असेल, तर त्याचे नेमके उत्तर काढता येते. एडमंड्स आणि जॉन्सन यांनी १९७३ मध्ये ती रीत पूर्ण मांडली. इथे ठोकताळ्याची गरजच नाही.

रीत अशी. वॉर्डातले रस्ते आणि चौक कागदावर घ्या. प्रत्येक चौकात किती रस्ते मिळतात ते मोजा. विषम आलेले चौक वेगळे काढा. त्यांची संख्या नेहमी सम येते. तशी आली नाही तर मोजणी चुकली आहे. या चौकांच्या जोड्या अशा लावा की जोडीतल्या चौकांमधल्या अंतरांची बेरीज कमीत कमी होईल. त्या जोड्यांमधले रस्ते दुसऱ्यांदा जायचे. बाकी सारे एकदाच.

समजा, एका वसाहतीत दोन बाय दोन अशा चार चौकोनी तुकडे (ब्लॉक) आहेत. नऊ चौक, १०० मीटरचे बारा रस्ते, एकूण १,२०० मीटर. कोपऱ्याच्या चार चौकांत दोन-दोन रस्ते येतात, मधल्या चौकात चार, आणि बाजूंच्या मध्यावरच्या चार चौकांत तीन-तीन. म्हणजे विषम चौक चार. त्यांतल्या कुठल्याही दोघांमध्ये २०० मीटर अंतर आहे, म्हणून जोड्या कशाही लावल्या तरी ४०० मीटर दुबार जावे लागते. फेरी १,६०० मीटरची. यापेक्षा एक मीटरही कमी करता येत नाही, आणि तसे कागदावर सिद्ध करता येते. एखाद्या पॅकेजने इथे १,८०० मीटरचा मार्ग दिला आणि सोबत 'तीस टक्के बचत' असे लिहिले, तर विचारण्याचा प्रश्न एकच: १,६०० चे काय झाले?

विषम चौक सहा असतील तर जोड्या लावण्याचे १५ प्रकार होतात. ते हाताने तपासता येतात. दहा असतील तर ९४५. वीस झाले की ६५ कोटी ४७ लाखांवर जातात. आकडा पाहून माणूस घाबरतो आणि जेनेटिक अल्गोरिदमकडे वळतो. पण हे सगळे प्रकार तपासावे लागत नाहीत. एडमंड्सच्या १९६५ च्या जुळणीच्या रीतीने संगणक क्षणात नेमके उत्तर देतो. पर्यायांची संख्या अफाट आहे एवढ्यावरून प्रश्न अवघड ठरत नाही, आणि हा गैरसमज आम्हाला सर्वांत जास्त आढळतो. चार सफाई कर्मचारी पथके आणि चार प्रभाग यांची कमीत कमी खर्चाची वाटणी हेही असेच. त्यासाठी १९५५ पासून हंगेरियन पद्धत आहे आणि ती नेमके उत्तर देते. तिच्या जागी 'अँट कॉलनी'च्या मुंग्या सोडण्याचे कारण नाही.

मोठ्या रस्त्यांची आणखी एक बारकी गोष्ट. रस्ता रुंद असेल आणि दुभाजकामुळे दोन्ही बाजूंचा कचरा एका फेरीत घेता येत नसेल, तर तो रस्ता दोन्ही दिशांनी एकेकदा जावाच लागतो. सगळेच रस्ते तसे असतील तर एकही मीटर वाया न घालवता फेरी पूर्ण होते, कारण प्रत्येक चौकात येणे आणि जाणे सारखेच असते. गल्ल्या आणि रुंद रस्ते यांची नोंद वेगळी ठेवली नाही, तर हा फायदा हातचा जातो.

ठोकताळा लागतो तो पुढे. काही रस्ते एकेरी आणि काही दुहेरी वाहतुकीचे असले की पोस्टमनचा प्रश्न खरोखर अवघड होतो. गाडी मधेच भरली आणि रिकामी करायला हस्तांतरण केंद्रावर जावे लागले, तरीही होतो. एकाहून अधिक गाड्यांत रस्ते वाटायचे असले तरी तेच. अशा वेळी एक साधी, चांगली चालणारी रीत म्हणजे आधी क्षमतेचा विचार बाजूला ठेवून सगळ्या रस्त्यांची एक मोठी फेरी आखायची आणि मग ती जिथे गाडी भरते तिथे तोडायची. तोडण्याच्या जागा अंदाजाने ठरवायच्या नाहीत. फेरीचा क्रम ठरलेला असला की कुठे तोडल्यास हस्तांतरण केंद्रापर्यंतचे जाणे-येणे कमीत कमी होईल, हे नेमके काढता येते. म्हणजे अर्धे काम ठोकताळ्याने आणि अर्धे हिशेबाने. चांगल्या पद्धती बहुतेक अशाच मिश्र असतात.

आता हॉटेले, मंगल कार्यालये, मंडया, मोठ्या सोसायट्या. इथे गाडी ठरावीक ठिकाणी थांबते, म्हणून हा खरोखर ठिकाणांचा प्रश्न आहे. यासाठी आम्ही नेहमी क्लार्क आणि राइट यांच्या १९६४ च्या बचत पद्धतीने सुरुवात करायला सांगतो. आधी समजायचे की प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र फेरी होते. मग दोन ठिकाणे एका फेरीत जोडली तर किती वाचते ते काढायचे. आगारापासून एक हॉटेल ६ किलोमीटर, दुसरे ७ किलोमीटर, आणि दोघांत २ किलोमीटर. वेगळ्या फेऱ्यांचे १२ आणि १४, मिळून २६. एकत्र फेरीचे ६, २ आणि ७, मिळून १५. बचत ११. अशी प्रत्येक जोडीची बचत काढून उतरत्या क्रमाने यादी करायची आणि वरून खाली जात जोडण्या करत जायचे. फेरीची क्षमता ओलांडत असेल किंवा ठिकाण फेरीच्या मधोमध अडकलेले असेल, तर ती जोडी सोडायची. शंभर ठिकाणांसाठी ४,९५० जोड्या होतात; साध्या लॅपटॉपवर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम होते.

या पद्धतीची खोड ठाऊक असावी. सुरुवातीच्या फेऱ्या छान भरतात आणि शेवटी शहराच्या कडेने उरलेली सुटी ठिकाणे एका लांबलचक फेरीत जमा होतात. त्यावर उपाय म्हणजे बचत काढताना दोन ठिकाणांमधल्या अंतराला ०.८, १, १.२ अशा गुणकांनी गुणून पद्धत तीनचारदा चालवायची आणि त्यांतले चांगले उत्तर ठेवायचे. 'जवळचे ठिकाण आधी' ही आणखी सोपी रीत आहे. पण तिच्यात वाटेत सुटलेली ठिकाणे शेवटी गोळा करत फिरावे लागते. सुरुवातीचे उत्तर म्हणून चालेल, अंतिम म्हणून नाही.

सुरुवातीचा मार्ग मिळाला की त्याची डागडुजी. मार्गातले दोन दुवे तोडून मधला तुकडा उलटा जोडायचा, ही टू-ऑप्ट. एक, दोन किंवा तीन सलग थांबे उचलून दुसरीकडे बसवायचे, ही ऑर-ऑप्ट. नकाशावर मार्ग स्वतःलाच छेदत असेल तर टू-ऑप्ट तो छेद सोडवते. पण एक मोठा सापळा इथेच आहे. टू-ऑप्टमध्ये मधला तुकडा उलट्या दिशेने जातो. पाठ्यपुस्तकातल्या हिशेबात त्याने फरक पडत नाही, कारण तिथे जाण्याचे आणि येण्याचे अंतर सारखे धरलेले असते. पुण्यातल्या पेठांसारख्या एकेरी रस्त्यांच्या भागात ते सारखे नसते. पाठ्यपुस्तकातला कोड जसाच्या तसा उचलला तर प्रोग्राम दोन टोकांचाच हिशेब करतो, मधल्या उलट झालेल्या तुकड्याचा करत नाही, आणि जिथे चार मिनिटे वाढली तिथे दोन मिनिटे वाचल्याचे दाखवतो. चूक कुठेच संदेश म्हणून येत नाही. पडद्यावर एकूण वेळ कमी होत जाते आणि रस्त्यावर वाढत जाते. अशा भागात मधल्या तुकड्याचा उलट दिशेचा वेळ पुन्हा मोजायचा, किंवा तुकडा न उलटवणाऱ्या ऑर-ऑप्टवर भर द्यायचा. दर शंभर बदलांनंतर संपूर्ण मार्गाचा वेळ नव्याने बेरीज करून चालू आकड्याशी ताडून पाहिला, तर ही चूक लगेच पकडता येते. चार ओळींचा कोड आहे. तो लिहिलेला फार थोड्या ठिकाणी दिसतो.

अंतराबद्दलही तेच. दोन बिंदूंमधली सरळ रेषा म्हणजे अंतर नव्हे. मुळा-मुठेच्या दोन काठांवरची ठिकाणे हवेतून अर्ध्या किलोमीटरवर असतील, पण पूल कुठे आहे त्यावर खरे अंतर ठरते. तक्ता रस्त्याने लागणाऱ्या वेळेचा हवा, आणि सकाळी सहाचा व साडेनऊचा वेगळा हवा. चुकीच्या तक्त्यावर उत्तम पद्धत चालवली, तरी तिचे उत्तर चुकीच्या शहरासाठी उत्तम असते.

या डागडुजीतून बहुतेक वेळा कामापुरते उत्तर मिळते. पुढे जायचे ते कधी? लहान बदलांनी काहीच सुधारत नाही, पण मोठे बदल केले तर सुधारेल असे दिसते तेव्हा. याला 'स्थानिक किमान' म्हणतात: टेकडीवरून उतरत जाणारा माणूस पहिल्याच खळग्यात थांबतो, खरी दरी पलीकडे असते. त्या खळग्यातून बाहेर काढणाऱ्या पद्धतींना मेटाह्युरिस्टिक म्हणतात, आणि त्यांच्यात निवड करायची ती प्रश्नाच्या घडणीवरून.

सिम्युलेटेड ॲनिलिंग, म्हणजे तापवून हळूहळू थंड करण्याची रीत, १९८३ मध्ये कर्कपॅट्रिक, जेलॅट आणि वेक्की यांनी मांडली. ती कधीकधी वाईट बदलही स्वीकारते. किती वेळा, ते 'तापमान' ठरवते; हे तापमान तोट्याच्याच एककात, इथे मिनिटांत, मोजतात. तापमान २ मिनिटे असताना २ मिनिटांचा तोटा शंभरात सुमारे ३७ वेळा स्वीकारला जातो. तापमान अर्ध्या मिनिटावर आले की तोच तोटा जेमतेम दोनदा. म्हणून सुरुवातीचे तापमान कुठल्यातरी लेखातून १००० असे उचलायचे नसते. आधी दोनतीनशे यादृच्छिक बदल करून पाहायचे, सरासरी तोटा किती होतो ते मोजायचे, आणि तो निम्म्या वेळा स्वीकारला जाईल असे तापमान धरायचे. म्हणजे सरासरी तोट्याच्या साधारण दीडपट. नंतर ०.९५ ते ०.९९ च्या गुणकाने उतरवायचे. फार जास्त तापमानावर संगणक तासभर नुसता भटकतो, आणि घाईने उतरवले की पहिल्याच खळग्यात गोठतो. लिहायला सोपी आणि बदल झटपट मोजता येत असतील तर फार चांगली, अशी ही पद्धत आहे. टॅबू शोधात नुकताच केलेला बदल काही पावले उलटा करायला बंदी असते. शेजारचे सगळे बदल तपासणे परवडत असेल, तर ती बरेचदा लवकर पोचते.

जेनेटिक अल्गोरिदमबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सगळ्यांचा ओढा तिकडे आहे. दोन उत्तरांचे तुकडे जोडून तिसरे बनवायचे ही तिची कल्पना. एक मार्ग १-२-३-४-५, दुसरा ३-५-१-२-४. दोन्ही दुसऱ्या थांब्यानंतर कापून पहिल्याचे डोके दुसऱ्याच्या शेपटीला जोडले, तर १-२-१-२-४ होते. एक आणि दोनवर गाडी दोनदा गेली, तीन आणि पाचचा कचरा तसाच राहिला. असे अवैध उत्तर दंड लावून बाद करत बसले तर बहुतेक वेळ त्यातच जातो. क्रम राखणारा संकर वापरला, म्हणजे पहिल्याचा तुकडा ठेवून उरलेले थांबे दुसऱ्याच्या क्रमाने भरले, तर १-२-३-५-४ असा वैध मार्ग मिळतो. एवढे केले तरी नुसता जेनेटिक अल्गोरिदम टू-ऑप्टच्या मागे पडतो. प्रिन्स यांनी २००४ मध्ये आणि विडाल व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वाहनमार्गांसाठी जे अतिशय यशस्वी प्रोग्राम केले, त्यांत प्रत्येक नव्या उत्तरावर वर सांगितलेली डागडुजी चालते. ताकद त्या जोडीत आहे. निविदेत 'जेनेटिक' हा शब्द असतो, डागडुजीचा उल्लेख नसतो, तो मागावा.

वेळेची बंधने असतील, उदाहरणार्थ मंडईत सकाळी सातच्या आत, शाळेजवळ आठच्या आधी किंवा नऊनंतर, तर आमची पहिली पसंती 'मोठ्या शेजाराचा शोध' या पद्धतीला असते. शॉ यांनी १९९८ मध्ये ती मांडली. तयार मार्गातून एकमेकांशी संबंधित असे दहा ते तीस टक्के थांबे काढून टाकायचे आणि ते जास्तीत जास्त फायद्याच्या जागी पुन्हा बसवायचे. हे हजारो वेळा. वेळेची बंधने घट्ट असतात तेव्हा एकेक थांबा हलवून काहीच जमत नाही, कारण दुसऱ्याला जागा करून दिल्याशिवाय पहिला हलत नाही. एकदम काही थांबे उचलले की जागा मोकळी होते.

लांडगे, वटवाघळे, देवमासे, काजवे यांच्या नावांच्या पद्धतींबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: त्या टाळाव्यात. मुंग्यांची पद्धत डोरिगो यांनी १९९२ मध्ये मांडली आणि तिच्यावर पुढे गंभीर काम झाले; पार्टिकल स्वार्म १९९५ ची, आणि ती मुळात सलग बदलणाऱ्या आकड्यांसाठी आहे, उदाहरणार्थ भट्टीचे तापमान किंवा पंपाचा वेग. तिला मार्गांवर ओढून आणायचे तर आकड्यांचे क्रमात रूपांतर करावे लागते आणि शेजारपणाचा अर्थच हरवतो. नंतरच्या बहुसंख्य प्राणीनामक पद्धतींत नवे काय ते दाखवलेले नाही. सोरेन्सन यांनी २०१५ मध्ये या रूपकांच्या लाटेवर सविस्तर टीका केली आहे, आणि 'हार्मनी सर्च' ही आधीपासून ठाऊक असलेल्या उत्क्रांती-पद्धतीचा विशेष प्रकार आहे हे वेलँड यांनी २०१० मध्येच दाखवले होते. विद्यार्थ्यांची वर्षे यात जातात याचे आम्हाला फार वाईट वाटते. 'सगळ्या प्रश्नांवर सरासरी काढली तर सगळ्या पद्धती सारख्याच', या वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांच्या १९९७ च्या प्रमेयाचा आधार घेऊन कोणतीही पद्धत चालेल असे सांगितले जाते. प्रमेयाचा अर्थ नेमका उलट आहे: प्रश्नाची घडण वापरल्याखेरीज कोणतीच पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही.

कामाच्या वाटणीत ही गोष्ट हाताच्या बोटांवर दाखवता येते. पाच वस्त्यांना लागणारी मिनिटे ८०, ७०, ६०, ५०, ४०. दोन गाड्यांत वाटायची. मोठे काम आधी, आणि ते कमी भरलेल्या गाडीला, ही नेहमीची रीत. ८० एकीला, ७० दुसरीला, ६० दुसरीला, ५० पहिलीला, दोघी १३०. मग ४० कुणालाही द्या, १७० आणि १३०. ग्रॅहम यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले की दोन गाड्यांसाठी ही रीत सर्वोत्तमाच्या सात षष्ठांशापलीकडे कधीच जात नाही. इथे १७५ पलीकडे नाही. ही हमी मोलाची आहे. दुसरी रीत नरेंद्र करमरकर आणि रिचर्ड कार्प यांची, १९८२ ची. करमरकर आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. १९८४ च्या रेषीय प्रोग्रामिंगच्या कामामुळे ते जगभर ओळखले जातात, पण हा त्यांचा छोटा ठोकताळाही तितकाच देखणा आहे. सर्वांत मोठे दोन आकडे वेगवेगळ्या गाड्यांना द्यायचे ठरवा आणि त्यांच्या जागी फक्त फरक लिहा. ८० आणि ७० च्या जागी १०. उरले ६०, ५०, ४०, १०. ६० आणि ५० च्या जागी १०. उरले ४०, १०, १०. मग ३०, १०. शेवटी २०. वाटणी १६० आणि १४०. आधीच्यापेक्षा निम्मा फरक. पण सर्वोत्तम उत्तर ८० आणि ७० एकीकडे, बाकी तिन्ही दुसरीकडे, १५० आणि १५० आहे. पाच वस्त्यांसाठी एकूण वाटण्या अवघ्या सोळा. त्या सगळ्या लिहून काढल्या असत्या तर ठोकताळा लागलाच नसता. पाचशे वस्त्या असत्या तर मात्र करमरकर-कार्प.

कारखान्यातही असेच आहे. सगळी कामे आधी एका आणि मग दुसऱ्या यंत्रावर जाणार असतील, तर जॉन्सन यांचा १९५४ चा नियम शेवटचे काम लवकरात लवकर संपवणारा नेमका क्रम देतो. तिसरे यंत्र आले की तो नियम सर्वसाधारणपणे लागू राहत नाही आणि नवाझ, एन्स्कोर, हॅम यांची १९८३ ची रीत घ्यावी लागते. एका यंत्राने प्रश्नाची जात बदलते.

आलेले उत्तर किती चांगले, हे तपासायला दोन मार्ग आहेत. लहान प्रश्न पूर्ण सोडवून पाहणे हा पहिला. आगार धरून बारा थांबे असतील तर जाण्या-येण्याचे अंतर सारखे धरून सुमारे दोन कोटी मार्ग होतात. संगणक ते काही सेकंदांत तपासतो. वीस थांब्यांसाठी हेल्ड आणि कार्प यांची १९६२ ची रीत साधारण ४२ कोटी पायऱ्यांत नेमके उत्तर देते. दुसरा मार्ग खालची मर्यादा काढण्याचा: यापेक्षा कमी होऊच शकत नाही असा आकडा. वसाहतीच्या उदाहरणातले १,६०० मीटर तसेच आहेत. 'एनपी-हार्ड' (म्हणजे नेमके उत्तर झटपट काढणारी रीत ठाऊक नसलेला प्रश्न) हा शब्द उच्चारून तपासणी टाळू नये; कॉनकॉर्ड या प्रोग्रामच्या साहाय्याने २००६ मध्ये ८५,९०० बिंदूंचा एक मार्ग सर्वोत्तम असल्याचे सिद्ध झाले आहे.

यादृच्छिक पद्धत प्रत्येक वेळी वेगळे उत्तर देते. म्हणून ती किमान तीस वेळा चालवावी आणि मधले व सर्वांत वाईट उत्तर सांगावे. प्रस्तावात फक्त सर्वांत चांगले छापलेले असते. दोन पद्धतींची तुलना सारख्याच वेळेत करावी. गुणक ज्या दिवसांच्या आकड्यांवर जुळवले, त्याच दिवसांवर परीक्षा घेऊ नये. आणि तुलना चालकाच्या आजच्या मार्गाशी करावी, मुद्दाम वाईट आखलेल्या मार्गाशी नव्हे. बुधवारी आठवडी बाजार असतो, अमुक बोळात उलट गाडी घ्यावी लागते, पावसाळ्यात ओल्या कचऱ्याने गाडी अर्धी भरली तरी वजन पूर्ण होते, हे त्याला माहीत असते. ते बंधन म्हणून लिहून घ्यावे लागते. मोडताच येणार नाहीत अशी बंधने वेगळी आणि मोडल्यास दंड लावायची वेगळी. दंड फार मोठा ठेवला तर शोध जागच्या जागी खिळतो, फार लहान ठेवला तर क्षमतेपलीकडे भरलेल्या गाड्या उत्तरात येतात. दर काही पावलांनी, अवैध उत्तरे फार येत असतील तर दंड वाढवायचा आणि अजिबात येत नसतील तर कमी करायचा, हा चांगला तोडगा आहे.

एक बंधन जवळपास सगळ्याच प्रस्तावांतून सुटते. गाडी साडेसातला येते हे ठाऊक असल्यामुळे लोक बादली घेऊन उभे असतात. रोज नवा 'सर्वोत्तम' मार्ग काढला तर गाडी कधी सव्वासातला, कधी सव्वाआठला येईल, आणि बादली कोपऱ्यावर रिकामी होईल. कालच्या वेळेपासून दहा मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर दंड, हे उद्दिष्टातच घालायला हवे. त्याने मार्ग थोडा लांबतो. तो लांबू द्यावा.

म्हणून महापालिका आणि नगरपालिकांना आमची विनंती आहे की निविदेत पद्धतीचे नाव मागू नये. रस्ते, एकेरी दिशा, वेळांचा तक्ता आणि गाड्यांच्या क्षमता यांची एका वॉर्डाची फाइल सर्व बोलीदारांना द्यावी, तीच फाइल संकेतस्थळावर ठेवावी, आणि बचत पद्धत व टू-ऑप्टचे उत्तर, चालकाचा आजचा मार्ग आणि खालची मर्यादा या तीन आकड्यांशेजारी प्रत्येकाचा आकडा छापावा. महाविद्यालयांनीही प्रकल्पासाठी तीच फाइल वापरावी. मग चार आठवडे तो मार्ग प्रत्यक्ष चालवून पाहावा, आणि त्या काळात चालकाने जिथे जिथे कागद सोडून वेगळे वळण घेतले, तिथे का घेतले ते त्याला विचारून लिहून घ्यावे.

आपले,
ऑपरेशन्स रिसर्चचे काही अध्यापक व मार्गनियोजक, पुणे